ग्राफिक्स कार्डाला पुरेल असा पॉवर सप्लाय कसा निवडावा?

संगणकाचे सुटे भाग आणून, जोडून विकण्याचा धंदा आता नागपूर-पुण्यापुरता राहिलेला नाही. यवतमाळ शहराबरोबरच पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, वणी, पांढरकवडा अशा तालुक्यांच्या गावीही हे काम चालते. यवतमाळ-दारव्ह्याच्या दुकानदाराला मालासाठी नागपूर-अमरावती सोयीचे, उमरखेडवाल्याला नांदेड जवळ पडते, तर वणीवाल्याला चंद्रपूर. रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, घरांचे वायरिंग, मोटार वाइंडिंग अशी हाताची कला असलेल्या कारागिराला हा धंदा शिकायला फार जड जात नाही. आपल्या समाजात असे कारागीर पुष्कळ आहेत. म्हणून या धंद्यातील एका दुर्लक्षित भागाची माहिती येथे द्यावी, असे आम्हाला वाटले.

ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक मागणारे गिऱ्हाईक म्हणजे केवळ गेम खेळणारा तरुण, असा समज आहे. परंतु लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा स्टुडिओवाला, अल्बम आणि फ्लेक्सचे डिझाइन करणारा, इमारतींचे नकाशे काढणारा आणि चार-सहा मशीन मांडून गेमचे दुकान चालवणारा, या सर्वांनाही हेच कार्ड लागते. यांच्यापैकी बहुतेकांची रोजी त्या मशीनवर चालते. लग्नसराईत मशीन दोन दिवस बंद पडले तर नुकसान किती होते, हे कोणत्याही स्टुडिओवाल्याला विचारावे.

अशा संगणकात ग्राफिक्स कार्ड हा बहुधा सर्वांत महाग भाग असतो. गिऱ्हाईक त्याचीच चौकशी करते आणि त्याचाच भाव करते. रक्कम ओढाताणीची झाली की काटछाट होते ती पॉवर सप्लायवर, ज्याला आपल्याकडे सर्रास एसएमपीएस म्हणतात. कॅबिनेटसोबत एक आलेलाच असतो, त्यावर ४५० किंवा ५०० वॅट असे छापलेले असते. तोच बसवला जातो. संगणक सुरू होतो, पडद्यावर चित्र येते, गिऱ्हाईक पैसे देऊन घरी जाते. आठवड्याने तक्रार येते की गेम सुरू केला किंवा व्हिडिओ रेंडरला लावला की मशीन आपोआप बंद पडते. मग कार्ड बदलून पाहा, रॅम बदलून पाहा, विंडोज पुन्हा टाका, असा खटाटोप सुरू होतो. दोष मात्र त्या लोखंडी डबीत असतो, जिच्याकडे कोणी पाहिलेलेच नसते.

लेबलवरचे वजन आणि खरे वजन

पॉवर सप्लायचे काम साधे आहे. भिंतीतील २३० व्होल्टची एसी वीज घ्यायची आणि संगणकाच्या भागांना चालेल अशी कमी व्होल्टची डीसी वीज द्यायची. ही वीज मुख्यतः तीन प्रकारची असते: १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोन सर्वांत खादाड भागांचा जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टवर असतो. पूर्वी तसे नव्हते. जुन्या पेंटियमच्या काळात ५ आणि ३.३ व्होल्टवर अधिक भार असे. २००० च्या सुमारास पेंटियम ४ आला, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची जोडणी आली, आणि तेव्हापासून भार १२ व्होल्टकडे सरकत गेला.

लेबलवरच्या आकड्याचा घोळ येथेच आहे. ४५० वॅट हा आकडा तिन्ही व्होल्टेजची बेरीज करूनही छापता येतो. नमुन्यादाखल एका स्वस्त सप्लायचे लेबल पाहू. ३.३ व्होल्टवर २२ अँपिअर म्हणजे सुमारे ७३ वॅट. ५ व्होल्टवर ३० अँपिअर म्हणजे १५० वॅट. १२ व्होल्टवर १८ अँपिअर म्हणजे २१६ वॅट. त्यात किरकोळ दोन ओळींचे १६ वॅट. बेरीज झाली ४५५. छापताना ४५० छापले, कागदावर काहीच खोटे नाही. परंतु प्रोसेसर आणि कार्डाच्या वाट्याला येणारी वीज फक्त २१६ वॅट आहे. उरलेल्या क्षमतेचा आजच्या मशीनला फारसा उपयोग नाही. याउलट चांगल्या बांधणीच्या ४५० वॅटच्या सप्लायवर १२ व्होल्टच्या रकान्यात ३६ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. म्हणजे ४३२ वॅट. दोघांच्याही खोक्यावर ४५० च लिहिलेले असते आणि एकाचे खरे माप दुसऱ्याच्या निम्मे असते.

म्हणून पहिला नियम असा: खोक्यावरचा मोठा आकडा सोडून द्यावा, लेबलवरील १२ व्होल्टचा रकाना शोधावा आणि तेथील अँपिअरला १२ ने गुणावे. येणारे वॅट हे त्या सप्लायचे खरे वजन. १२ व्होल्टचे दोन रकाने दिले असतील तर त्यांची बेरीज करू नये. दोहोंचे मिळून कमाल वॅट किती, हे खाली वेगळे लिहिलेले असते, तोच आकडा धरावा. ज्या सप्लायवर हा तक्ताच छापलेला नाही, तो ग्राफिक्स कार्डाच्या मशीनमध्ये बसवू नये.

कार्डाला किती वीज लागते?

कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. मदरबोर्डवरील ज्या खाचेत कार्ड बसते, त्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागत असेल तर सप्लायमधून थेट वायर लावावी लागते. सहा पिनांच्या जोडणीतून ७५ वॅट आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट, असे प्रमाण ठरलेले आहे. अगदी नव्या, महाग कार्डांना सोळा पिनांची जोडणी असते आणि तिच्यातून ६०० वॅटपर्यंत वीज जाऊ शकते.

बाजारात नव्या किंवा जुन्या स्वरूपात दिसणाऱ्या काही कार्डांचे आकडे देतो. एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० हे ७५ वॅटचे कार्ड असून त्यासाठी कंपनी ३०० वॅटचा सप्लाय सांगते. २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५०, ६ जीबी, हे ७० वॅटवर चालते आणि त्याला सहसा वेगळी वायरही लागत नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात आणि आरटीएक्स ३०६० ला १७०. या दोन्हींसाठी कंपनीची शिफारस ५५० वॅटची आहे. आरटीएक्स ४०७० ला २०० वॅट लागतात, शिफारस ६५० ची. अगदी वरच्या टोकाला आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅटचे आणि आरटीएक्स ५०९० हे ५७५ वॅटचे कार्ड. त्यांच्यासाठी अनुक्रमे ८५० आणि १००० वॅटची शिफारस आहे.

येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. नवे कार्ड म्हणजे जास्त वीज, असे गणित नाही. ४०६० हे ३०६० नंतरचे असूनही त्याला वीज कमी लागते. नाव ऐकून अंदाज बांधण्यापेक्षा कार्डाच्या माहितीपत्रकात वॅट पाहावे.

जुन्या कार्डांबाबत तर हे आणखी महत्त्वाचे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची व्यवस्था बदलली आणि कार्ड लावून त्याचे 'मायनिंग' करणे बंद झाले. त्यानंतर जगभर अशी वापरलेली कार्डे स्वस्तात बाजारात आली. एएमडीच्या आरएक्स ५८० सारखी कार्डे आजही सेकंडहँड मिळतात. त्या कार्डाला १८५ वॅट लागतात. ज्या गिऱ्हाइकाकडे पैसे कमी, तेच असे जुने कार्ड घेते आणि बहुधा तेच कॅबिनेटसोबतच्या सप्लायवर चालवायला जाते. स्वस्त कार्ड आणि स्वस्त सप्लाय, ही जोडी सर्वांत धोक्याची.

हिशेब कसा मांडावा?

हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो. प्रोसेसरचे कमाल वॅट, अधिक कार्डाचे वॅट, अधिक बाकी सर्व भागांसाठी सुमारे ६० वॅट. मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे हे सारे त्या ६० मध्ये येतात.

समजा, स्टुडिओसाठी इंटेलचा आय-५ १२४०० एफ प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० कार्ड घ्यायचे आहे. या प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेले असते, पण पूर्ण जोरात तो ११७ वॅटपर्यंत जातो. म्हणून ११७ धरावे. ११७ अधिक १७० अधिक ६०, बेरीज ३४७ वॅट. सप्लायवर सतत त्याच्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशाहून फार अधिक भार असू नये, असे धरून ३४७ ला ०.६५ ने भागले तर सुमारे ५३४ येतात. म्हणजे ५५० वॅटचा सप्लाय. कंपनीची शिफारसही तीच आहे. आता वर सांगितलेला २१६ वॅटचा 'साडेचारशे' आठवा. प्रोसेसर आणि कार्ड या दोघांनाच मिळून २८७ वॅट लागतात. रेंडर सुरू होताच तो सप्लाय का धापा टाकतो, हे यावरून स्पष्ट होते.

आपला हिशेब आणि कंपनीची शिफारस यांत फरक आला तर मोठा आकडा घ्यावा. त्याला कारण आहे. कार्डाची वीज सारखी एकसमान नसते. सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरती ती लिहिलेल्या वॅटच्या पुष्कळ वर उसळी मारते. २०२० मध्ये आलेल्या भारी कार्डांच्या वेळी, हिशेबाने पुरेसे असलेले सप्लायही या उसळीने बंद पडू लागल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. त्यानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये इंटेलने एटीएक्स ३.० हे नवे प्रमाण जाहीर केले. त्यात १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सहन करण्याची अट घातली गेली. मोठे कार्ड घ्यायचे असेल तर सप्लायवर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेले आहे का, ते पाहावे.

दुसऱ्या बाजूने, गरज नसता हजार वॅटचा सप्लाय गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणेही योग्य नाही. ७० वॅटच्या कार्डाला त्याचा काही उपयोग नाही. तेच पैसे चांगल्या बांधणीच्या साडेचारशे वॅटला लावले तर गिऱ्हाइकाचे भले होते.

'८० प्लस' म्हणजे काय?

सप्लायवर ८० प्लस असे चिन्ह असते. ब्राँझ, गोल्ड असे त्याचे वर्ग आहेत. ही पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज संगणकाला मिळाली पाहिजे, उष्णता होऊन वाया जाता कामा नये, एवढाच त्याचा अर्थ. वर्ग चढेल तसा वाया जाणारा भाग कमी होतो.

याचा बिलावर काय परिणाम होतो ते पाहू. मशीनला आतून ३०० वॅट लागतात, रोज ८ तास काम चालते आणि वर्षात ३०० दिवस दुकान उघडे असते. ७५ टक्के कार्यक्षमतेचा साधा सप्लाय भिंतीतून ४०० वॅट ओढेल. ८८ टक्क्यांचा चांगला सप्लाय ३४१. फरक ५९ वॅट, वर्षाला सुमारे १४२ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर १,४२० रुपये. दोन-तीन वर्षांत चांगल्या सप्लायची वाढीव किंमत वसूल होऊ शकते. चार मशीनच्या गेमच्या दुकानात हाच आकडा चौपट होतो.

मात्र हे चिन्ह म्हणजे सर्व गुणांचे प्रमाणपत्र नव्हे. ही चाचणी साधारण २३ अंश तापमानात होते, आणि सप्लायमधील सुरक्षा-व्यवस्था किती चोख आहे याची पारख त्यात होत नाही. आपल्याकडील उन्हाळ्यात दुकानातील तापमान काय असते, हे वाचकांना सांगायला नको.

आपल्या जिल्ह्याच्या अडचणी

पुस्तकी हिशेब येथपर्यंत झाला. यवतमाळ जिल्ह्यात त्यावर आणखी चार गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, ऊन. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ अंशांवर जाणे येथे नवे नाही. पत्र्याखालच्या दुकानात आणि बंद कॅबिनेटच्या आत तापमान याहूनही अधिक असते. सप्लायमधील कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिरांना ठाऊक असलेला ठोकताळा आहे. काही सप्लाय पूर्ण वॅट ४० अंशांपर्यंतच देतात, चांगले सप्लाय ५० अंशांपर्यंत. माहितीपत्रकात हा आकडा असतो. आपल्या भागासाठी ५० अंशांचाच घ्यावा.

दुसरी, धूळ. जिनिंगच्या आसपासच्या दुकानांत रुईचे तंतू उडतात, वणी भागात कोळशाची धूळ असते. पंख्याच्या जाळीवर तिचा थर बसला की हवा अडते. दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून ब्लोअरने बाहेरून सफाई करावी. सप्लायचा डबा मात्र ज्याला काम येत नाही त्याने उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार काही काळ राहतो.

तिसरी, व्होल्टेज. नियमाने घरगुती आणि दुकानाच्या लाइनवर २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. परंतु लाइनच्या शेवटच्या टोकाला, रब्बीत पंप सुरू असताना, व्होल्टेज याहून खाली उतरते. ज्या सप्लायवर इनपुट २०० ते २४० व्होल्ट लिहिले आहे, तो अशा वेळी बंद पडू शकतो. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला सप्लाय तग धरतो. खेड्यापाड्यातील गिऱ्हाइकाला दुसराच द्यावा. काही जुन्या सप्लायच्या मागे ११५ आणि २३० असे लाल बटण असते. ते चुकून ११५ वर राहिले आणि प्लग लावला तर सप्लाय जागीच जळतो. जुना माल लावताना ते आधी पाहावे.

चौथी, अर्थिंग. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा कामाचे राहिलेले नाही, असे समजावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालावे लागते. दोन पिनांचा प्लग किंवा पिन तोडलेला प्लग हजारोंच्या मशीनला कदापि लावू नये. गेमचे दुकान असेल तर सर्व मशीनचा एकत्र भार काढून वायरिंग आणि महावितरणकडील मंजूर भार पुरेसा आहे का, हेही पाहून घ्यावे. चार मशीन एका एक्स्टेन्शन बोर्डावर चालवणे म्हणजे आगीला बोलावणे.

यूपीएसबद्दलही येथेच सांगतो. बाजारात मिळणारा साधा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास भार घेतो. ३४७ वॅट आतून लागणारे मशीन भिंतीतून ४०० च्या वर ओढते. वीज गेली की यूपीएस आणि मशीन दोन्ही एकदम बंद. अशा मशीनला निदान १००० व्हीए, ६०० वॅटचा यूपीएस द्यावा. तो घेतानाही व्हीएचा आकडा सोडून वॅटचा पाहावा. चांगल्या सप्लायपैकी काही स्वस्त यूपीएसच्या ओबडधोबड विजेवर नीट चालत नाहीत, म्हणून विकण्यापूर्वी दोन्ही एकत्र लावून, वीज तोडून, एकदा पाहून घ्यावे.

जोडणी करताना

सप्लाय योग्य घेतला, तरी जोडणीत चूक झाली तर सगळे व्यर्थ. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला सारख्या असल्या तरी त्यांतील १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात. जबरदस्तीने बसवू नये. ज्या सप्लायच्या वायरी सुट्या होतात, त्याची वायर दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला लावू नये. सप्लायकडील पिनांची रचना प्रत्येकाची वेगळी असते, त्यातून डिस्क आणि बोर्ड जळतात.

सर्वांत धोक्याचा प्रकार म्हणजे डिस्कच्या साटा जोडणीतून कार्डाची वायर काढणारा अडॅप्टर. साटाची जोडणी १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅट झेपवते. तिच्यावर ७५ किंवा १५० वॅट घातले तर प्लास्टिक वितळते. ज्या सप्लायला कार्डासाठी स्वतःची वायर नाही, तो त्या कार्डासाठी बनलेलाच नाही. कार्डाला आठ पिनांच्या दोन जोडण्या असतील तर एकाच वायरीचे दोन फाटे लावण्याऐवजी दोन वेगळ्या वायरी लावाव्यात.

सोळा पिनांच्या नव्या जोडणीचा अनुभव सर्वांनी लक्षात ठेवावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर ही जोडणी वितळल्याची छायाचित्रे अमेरिकेतून येऊ लागली. पुढच्याच महिन्यात एनव्हिडियाने जगभरातील सुमारे ५० प्रकरणे आपल्याला ठाऊक असल्याचे सांगितले. प्लग पूर्ण आत न बसणे हे त्यात वारंवार दिसलेले कारण असल्याचे कंपनीने म्हटले. पुढे २०२३ मध्ये जोडणीची रचना सुधारण्यात आली. लाखाहून अधिक किमतीचे कार्ड आणि कारण काय, तर प्लग दोन-तीन मिलिमीटर बाहेर! जोडणी झाल्यावर प्रत्येक प्लग पुन्हा एकदा अंगठ्याने दाबून पाहण्याची सवय कारागिराने लावून घ्यावी.

मशीन सुरू झाले म्हणजे सप्लाय पास झाला, असे समजू नये. निदान अर्धा तास प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही पूर्ण जोरात चालवून पाहावे. डिजिटल मीटरने १२ व्होल्टची ओळ मोजावी. ती ११.४ च्या खाली जाता कामा नये. पाच टक्के हीच तिची ठरलेली मर्यादा आहे. ही चाचणी गिऱ्हाइकासमोर केली तर विश्वास वाढतो.

मोठे नाव पुरेसे आहे का?

नावाजलेल्या कंपनीचा माल घ्यावा, हा सल्ला सर्वसाधारणपणे बरोबर आहे. पण तोही डोळे मिटून पाळू नये. गिगाबाइट ही या क्षेत्रातील मोठी कंपनी. तिच्या ७५० आणि ८५० वॅटच्या दोन मॉडेलांबाबत २०२१ मध्ये गंभीर तक्रारी झाल्या. कार्डांच्या टंचाईच्या त्या काळात अमेरिकेत हे सप्लाय कार्डासोबत जोडी लावून विकले गेले होते. स्वतंत्र चाचण्यांत त्यांतील काही जळून निकामी झाले. भार मर्यादेबाहेर गेला की सप्लायने स्वतःला बंद करून घ्यायचे असते. या मॉडेलांत ती मर्यादा १२० ते १५० टक्क्यांवर ठेवलेली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने ती ११० ते १२० टक्क्यांवर आणल्याचे जाहीर केले आणि ठरावीक क्रमांकांचे सप्लाय बदलून देण्याची तयारी दाखवली. दीर्घकाळ टोकाच्या भारावर चाचणी केल्याने असे घडल्याचे तिचे म्हणणे होते.

यातून आपण घ्यायचे ते एवढेच की नाव, मॉडेल आणि त्या मॉडेलची झालेली चाचणी, तिन्ही पाहून माल भरावा. वॉरंटीची मुदतही बोलकी असते. काही सप्लायला एक-दोन वर्षे, काहींना पाच, सात, तर काहींना दहा वर्षे वॉरंटी मिळते. लेबलवर बीआयएसचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर तो 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तपासता येतो.

दुकानदाराची जबाबदारी

माल कंपनीचा, आपण फक्त जोडून दिला, आपला काय संबंध, असे म्हणणारे दुकानदार भेटतात. कायदा तसे मानत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष मालामुळे झालेल्या हानीची जबाबदारी विक्रेत्यावर केव्हा येते, हे त्याच्या ८६ व्या कलमात सांगितले आहे. मालाची जोडणी किंवा तपासणी करताना विक्रेत्याने वाजवी काळजी घेतली नसेल, तर तो जबाबदार. मालात त्याने बदल केला आणि हानी प्रामुख्याने त्यामुळे झाली, तर तो जबाबदार. कंपनीपेक्षा वेगळी हमी त्याने स्वतः दिली आणि माल तिला उतरला नाही, तरी तो जबाबदार. आणि माल कोणी बनवला हेच कळत नसेल, तरीही जबाबदारी विकणाऱ्याकडे येते. निनावी सप्लाय, त्याला अडॅप्टर लावून दिलेले कार्ड आणि 'बिनधास्त चालवा, मी आहे' असा तोंडी भरवसा, या तिन्ही गोष्टी एकाच मशीनमध्ये एकत्र आल्या तर दुकानदाराच्या बाजूने बोलायला काही उरत नाही.

उपाय अवघड नाही. बिलावर सप्लायची कंपनी, मॉडेल, वॅट, १२ व्होल्टचे अँपिअर, अनुक्रमांक आणि वॉरंटीची मुदत लिहावी. वॉरंटी कोण देणार, कंपनी की दुकान, हेही लिहावे. गिऱ्हाईक सांगूनही हलका सप्लाय मागत असेल तर त्याला ग्राफिक्स कार्ड लहान घ्यायला सुचवावे. तेही मान्य नसेल तर ते काम सोडून द्यावे. जीएसटीचे पक्के बिल घेतल्याने नोंदणीकृत स्टुडिओवाल्याला कराची वजावटही मिळू शकते. मात्र कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला ती मिळत नाही.

तराजूत माप मारणारा व्यापारी आपल्यात कोणालाच आवडत नाही. पॉवर सप्लायवरचा वॅटचा आकडा हेही मापच आहे. फरक इतकाच की येथे गिऱ्हाइकाला काटा दिसत नाही, तो फक्त आपल्याला वाचता येतो. म्हणून विकणाऱ्याने १२ व्होल्टचा रकाना स्वतःहून दाखवावा आणि घेणाऱ्याने तो मागून पाहावा. जिल्ह्याच्या गावात धंदा तोंडी शिफारशीवर चालतो. ज्या दुकानातून घेतलेले मशीन तिसऱ्या उन्हाळ्यातही लग्नसराईचे काम निमूटपणे उरकते, त्या दुकानाचा पत्ता स्टुडिओवाला दुसऱ्या स्टुडिओवाल्याला स्वतःच सांगतो.